मजला खाली

सकाळी साडेनऊच्या सुमाराला इमारतीवरची सगळी माणसं खाली उतरली. कुणी पळालं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. सळया बांधणाऱ्यांनी तारेची वेटोळी जागच्या जागी ठेवली, सुतारांनी हातोड्या कमरेला खोचल्या, प्लास्टरवाल्यांनी कालवलेला माल घमेल्यात तसाच सोडला, आणि सगळे जिन्यावरून एकामागून एक उतरून फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले.

मुकादम त्या वेळी गोदामात सिमेंटच्या पोत्यांवरचं प्लास्टिक सारखं करत होता. ठोकाठोकीचा आवाज थांबला म्हणून तो बाहेर आला. बांधकामावर आवाज चालू असतो तोवर कुणाचे कान तिकडे नसतात. तो बंद पडला की सगळ्यांचे टवकारतात.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"ते आम्ही तुम्हाला विचारायचं," सळईवाल्यांचा म्होरक्या म्हणाला आणि त्यानं आपला फोन पुढे केला. फोनची काच एका कोपऱ्यातून तडकलेली होती. तिच्यामागे लाल पट्टीत लिहिलं होतं: तिसरा मजला खाली… करा.

दुसऱ्या मजल्यावर प्लास्टर करणाऱ्याच्या फोनवर तसंच आलं होतं, फक्त तिथं दुसरा मजला होता. नळवाल्याच्या फोनवर पहिला. कंपनीनं महिन्यापूर्वी प्रत्येक टोळीच्या म्होरक्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं, आणि लाल पट्टी आली तर आधी ऐकायचं, मग विचारायचं, असं बजावून ठेवलं होतं. लाल पट्टी आज पहिल्यांदाच आली होती. लोकांनी ऐकलं होतं. आता विचारत होते.

पत्र्याच्या ऑफिसातून इंजिनिअर मॅडम हातात टॅब घेऊन धावत आल्या. वय असेल पंचविशीच्या आत-बाहेर. तोंडावर सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे टॅबताई. हे नाव मुकादमाच्या मेहुण्यानं ठेवलेलं. मेहुणा म्हणजे सख्खा, बायकोचा धाकटा भाऊ. स्लॅबखालच्या फळ्यांच्या साच्याचं, म्हणजे सेंट्रिंगचं, सुतारकाम त्याच्याकडे होतं आणि नावं ठेवण्याचं कामही त्यानंच घेतलेलं होतं.

टॅबताईंनी फोन हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि कपाळाला हात लावला. "अहो, मी खाली म्हणजे खाली लिहिलं होतं."

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. ॲप परक्या भाषेत आलं होतं. त्यातले निरोप आपल्या लोकांना कळावेत म्हणून मॅडमनी गेल्याच आठवड्यात बसून ते स्वतः मराठीत केले होते. मजला ठरल्यापेक्षा कमी उंचीवर सापडला तर निरोप जायचा तो असा: तिसरा मजला खाली आहे, उंचीची तपासणी करा. जुन्या फोनच्या अरुंद पट्टीत एवढं मावेना. फोननं सुरुवात ठेवली, शेवट ठेवला आणि मधलं सगळं तीन टिंबांत गिळून टाकलं. पुस्तकात असतं तर मजला 'रिकामा करा' असतं. पण बांधकामावर कोण रिकामं करतं? इथं ट्रक खाली होतो, घमेलं खाली होतं, खोलीही खालीच करायची असते. मजला खाली करा म्हटल्यावर लोकांनी मजला खाली केला.

"म्हणजे ध चा मा झाला म्हणायचा," मेहुणा म्हणाला. "दाजी, तरी मी सांगत होतो. कानामागून आली आणि तिखट झाली तुमची ही टॅब."

लोक हसले. सळईवाल्यानं आपला फोन परत घेतला आणि शर्टाला पुसला. दोघं-तिघं जिन्याकडे वळलेसुद्धा.

तेवढ्यात मुकादमानं विचारलं, "पण मॅडम, खाली म्हणजे किती खाली?"

वळलेले पुन्हा थांबले.

मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. "आठ सेंटीमीटर," त्या म्हणाल्या. "सगळेच मजले. सारखेच."

मुकादमानं हाताची चार बोटं आडवी धरून बघितली. एवढी.

*

त्या दिवशी दुपारी तीनला तिसऱ्या मजल्यावरचा स्लॅब भरायचा होता. काँक्रीटच्या गाड्या ठरल्या होत्या आणि मोठे साहेब स्वतः येणार होते. साहेब कंपनीचे मालक. टॅब, ॲप आणि तिपाईवरचं उंची मोजणारं फिरतं यंत्र त्यांनी एका महिन्याच्या बोलीवर आणलं होतं: हा स्लॅब सुखरूप पार पडला तर सगळं कायम राहील, नाहीतर खोक्यात भरून आलं तसं परत. मॅडमचीही नेमणूक त्याच बोलीवर होती, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

मुकादमाची नोकरी टॅबवर अवलंबून नव्हती. टॅब नव्हती तेव्हाही तो मुकादम होता. तरी टॅब जाऊ नये असं साइटवर कुणाला सगळ्यात जास्त वाटत असेल तर त्याला. त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

आयुष्यभर त्यानं इमारती उभ्या केल्या होत्या, पण पुरी झालेली इमारत आतून कधी पाहिली नव्हती. सांगाडा उभा राहिला, भिंती चढल्या की त्याची टोळी पुढच्या कामावर जायची. मागाहून रंगवाले यायचे, फरशीवाले यायचे, शेवटी माणसं राहायला यायची आणि फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, कोण पाहिजे? टॅबमध्ये मात्र ही इमारत पुरी झालेली होती. बोटानं फिरवली की फिरायची. दोन बोटं फाकवली की भिंतीतून आत जाता यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीपाशी एक निळी खुर्ची होती. जेवणाच्या सुट्टीत मॅडम टॅब त्याच्या हाती देत, तेव्हा तो सगळ्यात आधी त्या खोलीत जायचा.

एकदा त्यानं विचारलं होतं, ही खुर्ची कुणाची? मॅडम म्हणाल्या, कुणाची नाही काका, ती तयारच येते, घरात ठेवतात नमुना म्हणून. त्यानं मान हलवली. पण खऱ्या तिसऱ्या मजल्यावर त्या कोपऱ्यात सळया बांधताना तो खुर्चीच्या जागेला वळसा घालून जायचा, हे त्याच्या स्वतःच्याही दोन-चार दिवसांनी लक्षात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं होतं.

घरी त्याच्या सुनेनं हे बरोबर ओळखलं होतं. तिच्या फोनवर तो बोटं फाकवून भिंतींचे फोटो मोठे करून बघत बसायचा, तेव्हा ती सासूला म्हणायची, आई, बाबांना आता घरसुद्धा आत शिरूनच बघायचंय. बायको म्हणायची, नव्याचे नऊ दिवस. महिना होत आला तरी ते नऊ दिवस संपले नव्हते.

*

लोकांना खालीच थांबवलं. मॅडम आणि मुकादम टेप घेऊन वर गेले. मेहुणाही गेला, कारण कुठं काय चाललंय हे न बघता त्याला राहवत नसे.

आधी मजल्यांमधलं अंतर मोजलं. खालच्या स्लॅबपासून वरच्या स्लॅबपर्यंत जेवढं हवं तेवढंच. दुसरा मजला, तेवढंच. तिसरा, तेवढंच. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. त्याही जिथल्या तिथं. मग मुकादमानं पाण्याची नळी मागवली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खांबांना धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. इमारत कुठं कलली असती तर एका बाजूची खूण पाण्याला सोडून गेली असती. तसंही काही निघालं नाही.

"म्हणजे यंत्राला चष्मा लागलाय," मेहुणा म्हणाला.

मॅडमचं इकडे लक्ष नव्हतं. त्या बोटानं हवेत काहीतरी मांडत होत्या. "मजल्या-मजल्यात चूक नाही," त्या म्हणाल्या. "कललीही नाही. सगळी मिळून खाली आहे. एक तर यंत्र चुकतंय, नाहीतर…" पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. नाहीतर इमारत अख्खीच्या अख्खी जमिनीत गेली आहे, चार बोटं.

तळमजल्यावर जाऊन तिघांनी भिंती आणि खांब निरखले. इमारत खचते तेव्हा सांगून खचते. दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. एक भेग सापडली, तिच्यात मुकादमानं नख घातलं. ती प्लास्टरचीच होती, वाळताना पडलेली. मॅडमनी तिचाही फोटो काढला. हे मुकादमाला आवडलं. मागच्या कामावरचे इंजिनिअर साहेब भेग दिसली की तोंड फिरवायचे, आणि त्यांच्याकडे बघून मुकादमही फिरवायला शिकला होता.

"यंत्र उंची कुठून धरतं?" त्यानं विचारलं.

मॅडमनी त्याच्याकडे जरा नवलानं बघितलं. "तुम्हीच दाखवलंत की, काका. फाटकाजवळची खूण."

खरंच होतं. टॅबच्या मागाहून परवा यंत्र आलं तेव्हा मॅडमनी सगळ्यांना विचारलं होतं, या साइटचं शून्य कुठंय? ज्याच्यापासून सगळ्या उंच्या मोजतात ती पहिली खूण. दहा हात फाटकाकडे गेले होते. मुकादम त्यांना स्वतः घेऊन गेला होता. फाटकाला लागून कुंपणाची जुनी भिंत होती, इमारतीच्याही आधीची, आणि तिच्यावर हनुवटीच्या उंचीला लाल त्रिकोण होता. त्यावर पंजा टेकवून तो म्हणाला होता, हे आपलं शून्य. मॅडमनी यंत्राला तेच दाखवलं. यंत्रानं काल दिवसभर मोजलं, रात्रभर हिशेब मांडला आणि सकाळी साडेनऊला लाल पट्ट्या धाडल्या.

तिघं भिंतीपाशी आले. मागे हळूहळू सगळी गर्दी आली. त्रिकोण होता तिथंच होता, पांढऱ्याशुभ्र चुन्यावर लालभडक, तिन्ही बाजू सरळ. मॅडम जवळ जाऊन त्याचा फोटो घ्यायला लागल्या आणि सहज म्हणाल्या, "किती रेखीव काढलाय."

"आवडला का?" मागून आवाज आला.

फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून उठला होता. म्हातारा माणूस. त्यानं खुशीनं सांगितलं की भिंतीला चुना त्यानंच मारला, साहेब येणार म्हणून, दीड-दोन महिन्यांपूर्वी. जुनी खूण अगदी पुसट झाली होती, वाकडी होती, बघवत नव्हती. ती चुन्याखाली गेली, मग त्यानं गोदामातून लाल रंग मागून घेतला आणि फळीची कड लावून नीट काढली.

"जुन्या जागेवरच?" मुकादमानं विचारलं.

"तिथंच. फक्त जराशी वर घेतली. खाली गाड्यांचा चिखल उडतो ना."

"जराशी म्हणजे किती?"

म्हाताऱ्यानं हवेत हात धरला, खाली घेतला, पुन्हा थोडा वर नेला. "जराशी," तो म्हणाला.

मुकादमानं स्वतःच्या पंजाकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खूण वर सरकली, यंत्रानं तिच्यावरून मोजलं, म्हणून इमारत खाली दिसली. इमारत जिथं होती तिथंच होती. यंत्र बरोबर होतं, इमारत बरोबर होती. चुकला होता तो त्याचा पंजा. एवढ्यावर भागलं तर तो आनंदानं कबूल करायला तयार होता.

"खरवडून बघू," मॅडम म्हणाल्या. "जुनी खूण आठ सेंटीमीटर खाली निघाली की झालं."

मेहुण्यानं थापी आणली आणि कुणी सांगायच्या आत खरवडायला लागला. चुन्याचे पापुद्रे पडायला लागले. दोन बोटांखाली लाल रंग दिसला.

"सापडली," तो म्हणाला.

"दोनच बोटं?" मुकादम म्हणाला. "बाकीची दोन?"

मेहुणा आणखी खाली खरवडत गेला. चार बोटांखाली पुन्हा लाल लागलं. जरा काळपट, तिरपी, पण खूणच. आता भिंतीवर तीन खुणा होत्या: वरची म्हाताऱ्याची नवी, तिच्या दोन बोटं खाली एक जुनी, चार बोटं खाली आणखी एक जुनी.

म्हाताऱ्यानं शपथेवर सांगितलं की आपण खूण एकदाच काढली. त्याच्या आधी इथं दुसरा पहारेकरी होता. त्यानंही चुना मारला असेल, त्यालाही चिखलाचा त्रास झाला असेल. या दोन जुन्या खुणांपैकी कुठली चुन्याच्या कुठल्या थरात होती, हे बघून आधीची कुठली ते कळलं असतं. पण थर आता मेहुण्याच्या पायाशी भुगा होऊन पडले होते.

"हळू खरवडायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

"मला कुणी सांगितलं?" मेहुणा म्हणाला.

मुकादमानं मेहुण्याच्या हातातून थापी काढून घेतली. आपलेच दात, आपलेच ओठ.

मॅडमनी लोकांना उलगडून सांगितलं, आणि सांगताना आवाज सपाट ठेवला. पाया भरला तेव्हा खालची खूण खरी असेल तर आठच्या आठ सेंटीमीटरचा हिशेब लागतो आणि इमारत जशीच्या तशी आहे. मधली खरी असेल तर चार सेंटीमीटरचाच लागतो. उरलेले चार, म्हणजे दोन बोटं, इमारत खरोखर खाली गेली आहे.

*

मोठे साहेब एक वाजता आले, ठरल्यापेक्षा लवकर. फाटकातून गाडी आत घेताना त्यांना समोर सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी दिसली. काय झालं ते त्यांनी गाडीतच बसून ऐकून घेतलं. मग खाली उतरून ते भिंतीपाशी गेले आणि तिन्ही खुणा बघितल्या. चिडले नाहीत. साहेब चिडत नसत, हेच त्यांचं वाईट होतं.

त्यांचं म्हणणं असं पडलं की ही कंपनी वर्षानुवर्षं नळी आणि दोरीवर इमारती बांधत आली आणि एकही खाली गेली नाही. यंत्र आलं त्याच आठवड्यात खाली गेली. तेव्हा यंत्र खोक्यात घाला आणि गाड्यांना फोन करा, तीनला स्लॅब भरू. मॅडम म्हणाल्या, आधी कळायला हवं. साहेब म्हणाले, भेग आहे का? नाही. कलली आहे का? नाही. मग काय कळायला हवं?

मॅडमनी टॅबकडे बघितलं. त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते सगळं आकड्यांचं होतं.

मुकादमाला वाटलं, आता आपण गप्प बसलो तरी चालेल. स्लॅब भरला जाईल, कुणी त्याला काही म्हणणार नाही. टॅब जाईल आणि तिच्याबरोबर ती खोली जाईल, एवढंच.

"साहेब," तो म्हणाला, "खोकं बंद केलं तरी इमारत आहे तिथंच आहे. दोन बोटं गेली असेल तर खोकं बंद करून ती वर येणार नाही. वर आणखी एका स्लॅबचं वजन द्यायचं, आणि ते माझ्या माणसांनी वर उभं राहून द्यायचं. मला तेवढं बघू द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "दोनपर्यंत," ते म्हणाले. "कुणाला तरी आठवत असेल ना, पाया भरला तेव्हा खूण कुठं होती?"

पाया भरला तेव्हाच्या मोजणीवाल्याला आठवलं असतं. तो आता कुठल्याशा बोगद्याच्या कामावर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. पाया भरणारे मजूर कधीच पांगले होते. त्या वेळचे इथं दोघंच उरले होते, मुकादम आणि त्याचा मेहुणा.

मुकादमानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. भिंत आठवली, लाल रंग आठवला. उंची आठवेना. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणूस बघत नाही.

"फोटो आहे," सळईवाल्यांच्या पोरांतलं कुणीतरी म्हणालं. "सुतारमामांनी नाही का लावलाय? त्यांच्या प्रोफाइलला."

सगळे मेहुण्याकडे वळले. फोटो होता खरा. पाया भरला त्या दिवशी याच भिंतीपाशी काढलेला: मेहुणा हाताची घडी घालून उभा, छाती पुढे, मागे भिंत. मोजणीवाल्यानंच काढला होता. मॅडमनी तो टॅबवर घेतला आणि दोन बोटं फाकवली. मेहुण्याचा चेहरा मोठा झाला, आणखी मोठा झाला, नुसता गाल आणि कान राहिला. खूण त्याच्या डोक्यामागे झाकली गेली होती. फक्त उजव्या कानाच्या वरच्या टोकाला लागून लाल रंगाचा एक कोपरा डोकावत होता.

"कानामागून आली," मुकादम म्हणाला. बऱ्याच वेळात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

पुढचं सगळ्यांना एकदमच सुचलं. फाटकापाशी दगडी फरसबंदी होती, जुनी, न हललेली. फोटोतल्या भिंतीवरचा एक फुटका दगड आजही तिथंच होता. मेहुण्याला त्याच जागी, तसंच, हाताची घडी घालून उभं केलं. मॅडम फोटोवाल्याच्या जागी मागे गेल्या, टॅब डोळ्यांसमोर धरली, त्याला जरा डावीकडे घेतलं, हनुवटी खाली घ्यायला लावली. मेहुणा फोटोतल्यासारखाच गंभीर झाला.

उजव्या कानाचं टोक खालच्या खुणेला लागलं.

 साहेबांनी खिशातून फोन काढला, गाड्यांना सांगायला. सळईवाले जिन्याकडे निघाले.

मुकादम निघाला नाही. तो टॅबमधला फोटो बघत होता. फोटो गुडघ्यांपर्यंतच होता. पावलं त्यात नव्हती.

मेहुणा उंचीनं बेताचा होता, आणि त्या एका गोष्टीवर त्याची थट्टा कुणी करत नसे, कारण तो स्वतः सगळ्यांची करत असूनही ही एक त्याला सोसत नसे. फोटो काढायचा म्हटलं की तो पायाखाली काहीतरी घ्यायचा. त्याच्या लग्नाच्या फोटोत तो ठोकळ्यावर उभा आहे, हे नात्यात सगळ्यांना माहीत होतं आणि नवरीला पुष्कळ उशिरा कळलं होतं. साइटवर तर सेंट्रिंगच्या फळ्या पायाशी लागतील तेवढ्या. फळीची जाडी बरोबर दोन बोटं.

फळीवर उभा असेल तर त्या दिवशी त्याचा कान दोन बोटं वर होता. मग कानाला लागलेली खूण मधली.

मुकादमानं मेहुण्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं, पण बांधकामावर बाजूला अशी जागा नसते. मॅडम आणि साहेब ऐकू येण्याइतके जवळ होते.

"त्या दिवशी फळीवर होतास?"

"जमिनीवर होतो," मेहुणा म्हणाला. उत्तर फार लवकर आलं.

"नीट आठवून सांग."

"दाजी, चारचौघांत…"

"चारचौघं त्याच मजल्यावर काम करतात."

मेहुण्यानं भिंतीकडे बघितलं, मग जिन्याकडे, जिथं त्याची स्वतःची चार पोरं पुन्हा वर जायला निघाली होती. धाकटा त्याचाच पुतण्या होता. त्याच्या चेहऱ्यावरून ती नावं ठेवणारी ऐट हळूहळू उतरली, आणि मुकादमाला तो एकदम लहानपणचा दिसला, बहिणीच्या पदराआडून बघणारा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला आठवत नाही. आणि मी फोटोसाठी जमिनीवर उभा राहिलो, असं आजपर्यंत झालेलं नाही."

साहेबांनी ते ऐकलं. फोन कानालाच होता. मग पलीकडच्याला म्हणाले, आज नको. सांगतो.

*

त्याला आता तीन दिवस झाले. स्लॅब भरलेला नाही. सळया बांधून तयार आहेत, त्यांच्यावर ताडपत्री टाकली आहे. तिसऱ्या मजल्यावर कुणाला जाऊ देत नाहीत. तो शब्दशः खाली केला आहे. मॅडमनी निरोप बदलला आहे. आता लाल पट्टीत फक्त 'उंची कमी' असं येतं, आणि ते अरुंद फोनवरही पुरं मावतं.

जमिनीचा जाणकार सोमवारी येणार आहे. तोवर खांबांना चांदीसारखे चकचकीत तुकडे चिकटवले आहेत. यंत्र रोज सकाळी फिरून त्यांची उंची मोजतं आणि आदल्या दिवशीशी ताडून बघतं. तीनही दिवस फरक आलेला नाही. इमारत सध्या जात नाहीये, असं मॅडम म्हणतात. आधी गेली होती का, हे त्यावरून कळत नाही. खोकं अजून ऑफिसात टेबलाखाली उघडंच आहे. साहेबांनी ते भरायलाही सांगितलं नाही आणि फेकायलाही नाही.

मेहुण्याची थट्टा कुणी केलेली नाही. पहिल्या दिवशी त्यानंच मॅडमना एक फळी आणून दिली, जाडी मोजून घ्या म्हणाला. मुकादमाच्या बायकोला घरी हे कळलं तेव्हा ती बराच वेळ हसली आणि मग विचारात पडली. तिच्या मते भाऊ शंभर टक्के फळीवर होता. सुनेच्या मते पायाच्या दिवशी फळ्या आलेल्याच नसतील, पाया भरताना सेंट्रिंगचं काय काम? मुकादम म्हणाला, लागते, पायालाही थोडी लागते. त्या दिवशी लागली होती का, ते त्यालाही सांगता येईना.

जेवणाच्या सुट्टीत तो अजून टॅब मागून घेतो. कोपऱ्यातल्या खोलीत जातो, खुर्ची बघतो. काल त्यानं मॅडमना विचारलं, इमारत दोन बोटं खाली गेली असेल तर ही खुर्चीही दोन बोटं खाली दाखवते का? मॅडम म्हणाल्या, नाही काका, ती अजून ठरलेल्या उंचीवरच आहे. त्यावर त्यानं दोन बोटं काचेवर खुर्चीखाली आडवी धरून बघितली.

मोजणीवाल्याला मेहुण्यानं स्वतःच्या फोनवरून तो फोटो पाठवला आहे आणि खाली एकच ओळ लिहिली आहे: मी कशावर उभा होतो? निरोपापुढे तीन दिवस एकच टिक होती. आज संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुसरी आली. निळी अजून झालेली नाही.